अक्कलदाढ जायच्या आत झाडाची सोय

…तर ताई हसतेय तर हसू दे, मी हे आजच लिहून ठेवणार. उद्या माझी अक्कलदाढ काढणार आहेत. वर काहीच दिसत नाही, खाली मूळ मात्र वाकडं. भूल द्यावी लागेल म्हणाल्या डेंटिस्ट. म्हणजे माझी अक्कल शाबूत आहे असं शपथेवर लिहायचा हा शेवटचा दिवस! तेव्हा पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, हे माझं मृत्युपत्र. मी उठलेच, तरी गालाची सूज उतरेपर्यंत हेच लागू.

एक. हेडफोन आणि माझी उशी ताईला. उशी ती तशीही पळवतेच.

दोन. माझं बोन्साय, कुंडीतलं वडाच्या जातीचं फायकस. हीच खरी इस्टेट. परवाच मुळं छाटून नव्या मातीत लावलंय. शेंडा मुद्दाम ठेवलाय, म्हणून ते आत्ताच झोपेतून उठल्यासारखं दिसतं. आणि आमच्या काकांचं सलून! विस्कटलेलं डोकं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात.

"खालून घेतलंस, मग वरून नको घ्यायला? बॅलन्स नको?"

नको, काका! पानं स्वयंपाक करतात, शेंड्याचे कोंब खाली निरोप धाडतात की वाढा रे. दोन्हीकडून एकदम छाटलं तर मुळांना ना जेवण, ना निरोप. आठवतंय ना, एकाच झाडाच्या दोन फांद्या लावल्या होत्या? तुमची टापटीप, माझी झिपरी. कुंड्या उलट्या केल्या तर झिपरीच्या मुळांचं भरगच्च जाळं, आणि तुमच्या टापटिपीखाली चार धागे. त्यावर तुम्ही काय म्हणालात? "हिचे केस बघ किती दाट!" इतक्या प्रेमाने झाडाच्या मुळावर उठलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तीन. तरीही झाड काकांनाच. ताई पाणी घालायला विसरते. काका गिऱ्हाईकाच्या तोंडाला फेस तसाच ठेवून पाणी घालायला येतात. अट एकच: कुंडीच्या तळच्या भोकातून नवी पांढरी मुळं डोकावेपर्यंत शेंड्याला हात लावायचा नाही.

चार. शाळेच्या ग्रुप फोटोच्या आदल्या दिवशी काकांनी माझे पुढचे केस तिरके कापले. तेव्हापासून मी त्यांच्या खुर्चीत बसले नाही. तो राग आज सोडला. माझे केस काकांच्या नावे. हात शिवशिवले की माझं डोकं घ्या, झाडाचं नको. माझी मुळं पक्की आहेत. (हे कलम मी जिवंत असले तरच.)

साक्षीदार: ताई ("विसरत नाही, कंटाळा येतो") आणि शेजारच्या टेलरकाकू. काकांना झाड मिळतंय, म्हणून त्यांची सही चालत नाही.

सही: मी, दाढेसकट.
ठिकाण: गच्चीवर, कुंडीशेजारी. तारीख: दाढ काढायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

ता. क. काकांनी वाचलं. शेंड्याकडे एकदा बघितलं. मग टॉवेल झटकून म्हणाले, "चल, बस. पुढून किती घेऊ?"

आता तुम्हीच सांगा, सुजलेल्या गालावर बॉबकट बरा दिसेल का?