बाराव्या प्रकरणापासून पुढे

प्रिय मास्तरीणबाई,

ग्रुपमधून तुझं नाव काढल्याचं तू फोनवर पाहिलंसच. तुझा एक शब्द आला नाही, म्हणजे तू भडकली आहेस. भडकलीस की गप्प बसायचं ही तुझी खोड ऑपरेशनच्या आधीपासूनची, ती घशावर ढकलू नकोस.

झालं ते असं. अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणारे आपण मोजकेच लोक, आणि नवे सेक्रेटरी पडले बँकेतून रिटायर झालेले. सहा महिने जो फिरकला नाही तो निष्क्रिय, त्याचं नाव कमी, असा नियम त्यांनी काढला. माणूस वाईट नाही गं. खोली एक, माइक एक, नव्यांना वेळ कुठून द्यायचा, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण तुझ्या नावापुढे ‘निष्क्रिय’ ऐकून माझं डोकं फिरलं. मी भर मीटिंगमध्ये विचारलं, तिची चौकशी कोणी केली? मग एकेक जण सांगायला लागला. तिला बोलायला त्रास होतो, फोन उचलून ती बोलणार कशी, उगाच अवघडल्यासारखं होईल, म्हणून कोणीच फोन केला नव्हता. फोन नाही म्हणून संपर्क नाही, संपर्क नाही म्हणून तू निष्क्रिय. इतक्या समजूतदार माणसांनी मिळून तुला बाहेर काढलं बघ.

चौकशी केली ती फक्त एका माणसाने, आणि तो आपला सभासदही नाही. ते मसाज करणारे काका, तुझी दीपगृहावरची कादंबरी ऐकणारे. अकरा प्रकरणांवर ती थांबली, तेव्हा त्यांनी फोन करून आधी वाचणाऱ्या बाई बऱ्या आहेत ना, हे विचारलं आणि मग पुढे काय झालं ते. आपल्याकडे एक पुस्तक एकाच आवाजात, त्यामुळे त्याला हात लावायला कोणी धजत नाही. लावला तर तू परत येणार नाहीस हे कबूल केल्यासारखं होईल, असं सगळ्यांनाच वाटतं.

तो नियम आता मागे घेतलाय, तुझं नावही परत घातलंय. कोणी येईनासं झालं तर आधी त्याच्या घरी जायचं आणि आता काय जमेल, ते त्यालाच विचारायचं, असं ठरलंय. सेक्रेटरी रविवारी जिने चढून तुझ्याकडे येतील. चहा दे, लिहूनसुद्धा टोमणे मारू नकोस.

तुझ्याकडे मी आधी यावं, असंही ठरलं होतं. पण परवा येऊन गेले तेव्हा काय झालं ते आठव. आवाज आता परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, हे तू कागदावर लिहून दाखवलंस आणि मी पडदे धुवायला काढायचा विषय काढला. तुझ्यासमोर माझीच वाचा बसली, म्हणून हे पत्र. बाराव्या प्रकरणापासून मी वाचू का? तू हो म्हटल्याशिवाय माइकसमोर बसणार नाही. नाही म्हणालीस तर पुस्तक तसंच राहील, आणि तुझं नावही राहील. पण हो म्हणालीस, तर रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडे हेडफोन लावून बस. मी घाईत शब्द खाते, ते तुझ्याइतकं कोणाला कळणार? चुकले की काचेवर ठोक, मी तिथून परत वाचेन. तुझ्यामागून वाचायची मला भीती वाटते, आणि तू समोर नसलीस तर मला ते जमणार नाही.

तुझीच,
बडबडी