नाझियाला ठेवून घेताना

१० जून, सोमवार
अक्षय गेला. व्हॉट्सॲपवर दोन ओळी. पुण्यात चान्स मिळाला, आशीर्वाद असू द्या. आशीर्वाद! अर्जाला कोर्ट फीचा स्टॅम्प कुठं लावतात तेसुद्धा कळत नव्हतं या पोराला. मी शिकवलं, आणि शिकला तसा उडाला. यंदाचा हा तिसरा.

पाटीवर ‘आणि असोसिएट्स’ लिहून ठेवलंय. असोसिएट्स म्हणजे मी, दिलीप आणि पंखा.

दिलीप म्हणतो, भागीदार म्हणून सांगतो, इंटर्नचं मानधन बंद करा. भोरात दुसरा कोण देतो? खरंच कुणी देत नाही. फुकट राबवतात आणि वर ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणून ऐकवतात. मी म्हटलं, पैसे देऊन थांबत नाहीत, फुकटात थांबतील होय? भांडण झालं. चहा न घेता गेला.

१८ जून, मंगळवार
नवीन मुलगी. नाझिया. लॉचं चौथं वर्ष, कॉलेज पुण्यात पण नावापुरतं, घर इथंच. वडील रईसभाई एसटी डेपोत मेकॅनिक. मी थेटच विचारलं, कधी सोडून जाणार? म्हणाली, ते तुम्ही कसं वागवता त्यावर आहे मॅडम.
दि.ला आगाऊ वाटली. मला आवडली. उद्यापासून ये म्हटलं.

२ जुलै, मंगळवार
गुंजवण्याची म्हातारी आली होती, धरणात जमीन गेलेली. दरवेळी तीच रड, तेच कागद, तोच पिशवीतला गोंधळ. मी तर आताशा नुसती मान हलवते. नाझिया तिच्याशेजारी जमिनीवर बसली, एकेक कागद काढून तारखेप्रमाणे लावला. त्यात एक नोटीस निघाली, जी मी कधी बघितलीच नव्हती. म्हातारी जाताना म्हणाली, ‘‘हिला ठेवा बाई, लई गुणाची हाय.’’
ठेवा म्हणे. माझ्या हातात असतं तर. मुलगा बंगळुरूला, त्याला कोर्टाची पायरी नको. गुडघे बोंबलतायत. आणखी चार-पाच वर्षं ओढेन फार तर, मग हे हापिस कुणाचं? दि.चं? तो पहिल्या महिन्यात झेरॉक्सचं दुकान टाकेल.

१९ जुलै, शुक्रवार
वेल्हे. हक्कसोड पत्राची नोंदणी. भाऊ पक्षकार, बहिणीची सही हवी. हे आमचं रोजचं काम. बहिणी येतात, दाखवू तिथं सही करतात, एसटीनं परत जातात. कुणी काही विचारत नाही, आम्हीही नाही.

ना.नं विचारलं. मी आत चलन बघत होते, तेवढ्यात बाईला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. बाई म्हणाली, ‘‘म्हंजी सही केल्यावर माझं कायबी ऱ्हात न्हाई, व्हय? मग न्हाई करत म्या.’’ आणि गेली निघून. भावानं तिथंच फाइल मागून घेतली. दि.नं थयथयाट केला. मीही ना.ला सगळ्यांदेखत झापलं, पक्षकार कोण आपला, तो की ती? चुकीचं नव्हते बोलत.
परत येताना एसटीत खिडकीला डोकं लावून बसली होती. मला वाटलं संपलं, उद्या येत नाही. (शनिवारी आली. वेळेवर.)

६ ऑगस्ट, मंगळवार
पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टातल्या एका मोठ्या वकिलांनी ना.ला कामाला बोलावलंय. तिनंच सांगितलं, लपवलं नाही. अजून ठरलं नाही म्हणाली. ‘अजून ठरलं नाही’ म्हणजे ठरलंच, मला काय नवीन आहे. जेवण गेलं नाही.
दि. म्हणाला, तिच्याशी काय बोलत बसता, घरी जा. बापाशी बोला. एकदा शब्द पडला की पोरगी हलत नाही.

११ ऑगस्ट, रविवार
गेले. पेढे घेऊन. रविवारी ती पुण्याला लायब्ररीत असते हे माहीत होतं, म्हणूनच रविवार.
रईसभाईंनी अंगणात खुर्ची टाकली, नानकटाई, चहा. फार मान दिला. मी म्हटलं, परीक्षा झाली, वकिलीची सनद मिळाली की तीन वर्षं आमच्याकडं, पुढं हापिसच तिचं. डोळे भरले त्यांचे. ‘‘वकीलबाई, पोरगी तुमच्या पदरात टाकली. आता पुणं न्हाई अन् काय न्हाई.’’
उठताना लक्षात आलं, सोयरीक जुळवून आल्यासारखी पावलं पडतायत माझी. तरी बरं वाटत होतं. बरंच वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

१२ ऑगस्ट, सोमवार
ना.नं दुपारपर्यंत काम केलं. मग दार लोटून समोर उभी राहिली. ‘‘मॅडम, वेल्ह्याच्या त्या बाईला तिच्या भावानं निदान सहीला तरी बोलावलं होतं.’’
पुण्याच्या वकिलांकडून तिनं दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली होती म्हणे. गुंजवण्याच्या म्हातारीची तारीख होऊ दे, मग ठरवू म्हणून. आता अब्बांनी नाही सांगितलंय, शब्द दिलाय म्हणतात.

३० ऑगस्ट, शुक्रवार
येते. दहाला येते, सहाला जाते. सांगितलं तेवढं करते. म्हातारी येऊन गेली, तिच्याशीही कामापुरतं. कुणाला काही विचारत नाही. दि. खूश आहे, आता कशी लाइनीवर आली म्हणतो. त्याच्या तोंडावर फाइल मारावीशी वाटली.
टिकवून ठेवली ना मी! घ्या. हेच हवं होतं ना.

७ सप्टेंबर, शनिवार
गणपती बसले. आरती उरकून डेपोत गेले, रईसभाई ड्यूटीवर होते. एका गाडीखालून बाहेर आले, हात पुसत. म्हटलं, माझा शब्द मी परत घेते, जाऊ द्या तिला पुण्याला.
त्यांचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात, ‘‘असं नका करू वकीलबाई. समद्या भोराला सांगून बसलोय म्या. आता तुमी सोडली म्हटल्यावर लोक म्हणतील, पोरीत कायतरी खोट निघाली.’’
समजावलं. ऐकेनात. मोडलेल्या लग्नाची गोष्ट करत होतो जणू आम्ही दोघं, आणि मुलगी तिसरीकडंच.

९ सप्टेंबर, सोमवार
ना.ला सांगितलं, मी डेपोत जाऊन आले, प्रयत्न केला. वाटलं होतं जरा तरी निवळेल.
‘‘परत अब्बांकडंच गेलात,’’ म्हणाली. ‘‘मी इथं रोज तुमच्यासमोर बसते, मॅडम.’’
मग टायपिंग पुरं केलं, प्रिंट काढून टेबलावर ठेवली, सहा वाजता गेली. आज रात्री स्वतःचाच राग राग होतोय. कोर्टात उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडते मी, आणि एका पोरीला साधं ‘तुला काय हवंय’ विचारता आलं नाही. दोनदा.

१० सप्टेंबर, मंगळवार
आज ठरवून लवकर आले, तिला विचारायचंच म्हणून. साडेदहा झाले, अकरा झाले. आली नाही. फोन बंद. दि. म्हणाला, बापाला लावा. नाही लावला.
साडेअकराला त्यांचाच आला. ‘‘वकीलबाई, नाझिया डबा विसरून ग्येली. सकाळी लवकरच निघाली आज, मोठी बॅग घेऊन, फायली हायत म्हणाली. पोचली न्हवं?’’
दि. समोरून बघत होता.
म्हटलं, हो, पोचली. डबा राहू द्या, इथंच खाऊ काहीतरी.