मायाक्काच्या करडईवरचा इलाज

२७ डिसेंबर १९३४
कोर्टाला सुट्टी म्हणून शेतावर गेलो आणि नव्या धोतराची अब्रू गेली. करडईतून चाललो, एवढाच माझा गुन्हा. सोगा पाकात बुडवल्यासारखा चिकट. सोलापुरात पोचेपर्यंत त्यावर मुंग्यांची सभा भरली. वकिलालाही दाद मागायला जागा नाही.

२८ डिसेंबर
आरोपी सापडला. करडईच्या शेंड्यांना काळ्या किड्यांची दाटी. मावा! झाडाचा रस पितो आणि खाली चिकटा सांडतो. माझा वाटेकरी बिरप्पा याला शोध सांगितला. तो म्हणाला, व्हय, मावाच हाय की. कौतुक शून्य. शेतकी खात्याचं पत्रक मिळवलं. साबण आणि राकेल. सोपं आहे.

३ जानेवारी १९३५
साबण उकळला, राकेल घुसळलं. पत्रक म्हणतं, आता दसपट पाणी घाला. सरकारी काटकसर! दुप्पट घातलं.

४ जानेवारी, भर दुपार
पहिला मान शेजारच्या मायाक्काला दिला. एकटी बाई, करडईच्या एका पट्ट्यावर तिचं वर्षाचं तेल. आधी आपल्याच रानात फवारणं स्वार्थी दिसलं असतं. धास्ती वगैरे काही नव्हती.

५ जानेवारी, येळवस (वेळ अमावास्या)
सगळा गाव शेतात जेवायला. मायाक्कानं आंबिलाचा पहिला वाडगा मला दिला. मावा पार मेला, लई उपकार झालं, म्हणाली. तिच्या पाठीमागं पानं कडेनं तपकिरी होत होती. मी जागा बदलून बसलो. आंबील उत्तम, दोनच वाडगे गेले.

९ जानेवारी
पट्टा करपला. बायका म्हणतात, दृष्ट लागली. मी नाही म्हणालो नाही. विचारल्याशिवाय साक्षीदारानं बोलू नये. उद्या सांगेन.

१० जानेवारी
आज माझ्या रानात फवारलं. दसपट पाणी घालून. पत्रकात तथ्य आहे.

१४ जानेवारी
मायाक्काचा तिळगूळ आला. खाल्ला नाही.
रात्री खाल्ला.

३ मार्च
मळणी. माझी करडई बरी उतरली. मायाक्काची बोंडं पोचट. ती पाखडत राहिली. बोलली असती तर बचाव तयार होता.

५ मार्च, मंगळवार
बाजाराचा दिवस, मायाक्का घरी नसणार. बिरप्पाचं तोंड सैल, म्हणून माझ्या वाट्याचं करडईचं पोतं स्वतःच ओढत नेलं. तिच्या दारात टेकवून वळलो, तोच आतून आवाज आला, "वकीलसाब, आत ठिवा की. हितं कोंबड्या खात्यात."
तिला सगळं कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही. पोतं आत नेऊन ठेवलं.