आत्याच्या पत्त्यावरून गेलेली दवाखान्याची पत्रं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. मी धडधाकट आहे, तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. (मी आधी गुडघ्यांची चौकशी केली की काहीतरी घोळ घातलाय हे तू ओळखतेस. तसंच समज.)

दातांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसतो, हे तुला ठाऊक आहेच. महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी पेशंटना आठवणीची ईमेल आपोआप पाठवणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि मला कॉम्प्युटरमधलं कळतं (हा गैरसमज आपल्याच घरातून पसरलाय) म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. त्यात 'पाठवणाऱ्याचा पत्ता' असा रकाना होता. चाचणीला दोन पत्ते हवे होते. घेणारा मी झालो, आणि पाठवणारा म्हणून तोंडपाठ असलेला दुसरा एकच पत्ता होता, तुझा, कारण तो मीच उघडून दिलाय. खात्रीसाठी तुला एक ईमेल आली, मी फोनवर 'त्यातलं बटण दाब' म्हणालो आणि तू मुकाट्याने दाबलंस. इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतीस, त्याच दिवशी काही विचारलं कसं नाहीस कोण जाणे. चाचणी झाली आणि पत्ता बदलायचा राहिला तो राहिलाच.

तर आत्या, 'मॅडम, उद्या जमणार नाही' असं जे रोज पाच-सहा जण तुला लिहितात, ते तुझे जुने विद्यार्थी नाहीत, आमचे पेशंट आहेत. (उत्तराखाली आमचा मूळ निरोप असतो, पण तू तिथवर कधी सरकवत नाहीस.) हे सांगायला मी आठ दिवस टाळाटाळ केली. 'पोरं अजून मला विचारून सगळं करतात' असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा निवृत्तीनंतर पहिल्यांदा तुझा आवाज असा खुललेला ऐकला होता. मला फार वाईट वाटतंय.

चार वेळा तारीख पुढे ढकललेल्या एका शिंप्याने बाहेरगावी जायचंय असं कळवलं, तर तू त्याला विचारलंस, दाढ घरी ठेवून जाणार आहेस का? दुसऱ्या दिवशी तो नऊच्या ठोक्याला दारात हजर, हातात तुझं उत्तर छापून. तिथे माझं बिंग फुटलं. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं तेव्हा मी नोकरीवर पाणी सोडलं होतं, पण त्या इतकंच म्हणाल्या की पत्ता आजच बदल. बदलला. आता तुला कुणाचा त्रास होणार नाही.

तुझा अपराधी भाचा

ता. क. : नव्या पत्त्यावर पहिलं उत्तर शिंप्याचंच आलं. लिहितो, 'आधीच्या मॅडम कुठे गेल्या? दाढ काढली, दुखलं नाही, एवढं त्यांना सांगा.' हे मात्र खरोखर तुलाच आहे.

आणखी ता. क. : तुझ्या उत्तरांमुळे येऊ लागलेले भित्रे पेशंट पत्ता बदलल्यापासून पुन्हा येईनासे झालेत. तसे अकरा जण आहेत. त्यांच्यापुरती पाठवणारी तूच राहशील का, असं डॉक्टरीणबाई विचारतायत. त्यांच्यापुरता पाठवणाऱ्याचा रकाना मी कोरा ठेवलाय. या वेळी आधी विचारतोय.