हरिहरचा अंगठा आणि गोपीनाथरावांचा एक्का

कल्याण, श्रावण शुद्ध नवमी, १९५४

चि. मधूस मामाचे अनेक आशीर्वाद.

येथे तुझ्या मामीचे गुडघे आणि माझा स्वभाव, दोन्ही पूर्ववत. ठाण्याला तुझा दवाखाना बरा चालत असावा. तुझे कार्ड पोचले. त्यात गोपीनाथरावांना नमस्कार तिसऱ्या ओळीत, आणि सख्ख्या मामाला मात्र पत्त्याशेजारी, कडेने उभा. (वाचताना कार्डाऐवजी मान फिरवली, ती अवघडली.) प्रकरण क्षुल्लक आहे. मी त्याचा फक्त चार दिवस विचार केला.

आता हरिहरचे. अर्धांगाने त्याचा उजवा हात पडला, तेव्हा तूच समजावलेस, की हात शाबूत आहे, बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. तिथल्या एका पट्टीतून हुकूम सुटतो, वाटेत बाजू बदलतो आणि उजव्या बोटांना पोचतो. त्या पट्टीत म्हणे सबंध पाठीपेक्षा एकट्या अंगठ्याला जागा जास्त. (सरकारने इनामे खालसा केली, त्यातून ही एवढी सुटलेली दिसते.) पुन्हा पुन्हा हलवू पाहिले तर हुकमाला नवी वाट सापडेल, असेही म्हणालास. वीस वर्षे एकाच शाळेत त्याने गणित शिकवले आणि मी संस्कृत. तेव्हा हे काम माझे, हे कोणी सांगायला नको होते. दीड महिना रोज सकाळी मी एकेका विभक्तीला त्याच्याकडून एकेक बोट उचलवू पाहिले. (विभक्त्या सात आणि बोटे पाच, हा दोष माझा नव्हे.) हरिहर डोळे मिटून घेई. मला वाटे, एकाग्रता. शेवटी ठमावहिनी म्हणाल्या, "भावोजी, झोपलेत ते."

आणि मंगळवारी आले गोपीनाथराव. जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर गेला; संस्कृताशी संबंध मंगलाष्टकांपुरता. त्यांनी पत्ते मांडले. हरिहर डाव्या हाताने खेळत होता, उजवा पाटावर नुसता ठेवलेला. खेळून झालेला एक्का या गृहस्थांनी हळूच मागे ओढला, आणि हरिहरचा उजवा अंगठा सरकून त्या एक्क्यावर दाबून बसला. वर "ठेव खाली, लबाडा," असेही तो म्हणाला. (मला अजून 'अहो' म्हणतो.) वहिनींनी शिरा केला. पहिली बशी कोणाला गेली, ते लिहीत नाही.

मी एवढेच म्हणालो, की पूर्वतयारी माझ्या विभक्त्यांनी झाली होती. "असेल हो पंडित," गोपीनाथराव म्हणाले, "नांगरलंत तुम्ही, आम्ही आपले शेंगा खायला आलो." नम्रपणे बोलले, म्हणून राग अधिक आला.

मामी आशीर्वाद सांगते आहे. तो माझ्याहून निर्मळ समजावा.

तुझा मामा,
त्र्यंबक

ता. क. येताना पत्त्यांचा एक कॅट आण आणि लबाडी कशी करतात ते शिकव. बोलू नकोस कुठे. पत्त्यांच्या नादावर मी शाळेत तीन व्याख्याने दिली आहेत.

पुन्हा ता. क. तू म्हणाला होतास, हात हलण्याआधी तो हलवावासा वाटावा लागतो. दीड महिना मी रोज त्याच्यासमोर बसलो होतो. माझ्यासाठी त्याला काही करावेसेच वाटत नाही का रे? डॉक्टर म्हणून सांग, भाचा म्हणून नको.