कोरड्या वर्षातली ओल

दादा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, अन् आज मी पुन्हा त्या भिंतीपाशी बसलोय. तुम्ही गेल्यावर भिंतीतली, टाकीकडून येणारी नळी बदलून घेतली, तरी रंगाचे पोपडे सुटतात, फरशीवर पांढरी भुकटी पडते. झाडून घेतो, परत पडते. वैताग आलाय.

गावाकडं, देवगाव रंगारीच्या विहिरी आटल्या म्हणून तुम्ही लेकाकडं, आमच्याकडं आलात. शहरात तरी काय होतं? गल्लीत टँकर, अन् करमाडपर्यंत नुसत्या नव्या इमारती. आमचा फ्लॅटही नवा कोरा. तुमची खाट न्हाणीघराच्या भिंतीला लागून टाकली. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. चौथ्याच दिवशी तुम्ही हाताची मागची बाजू भिंतीला लावून बसलेले. मग बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकता. मग काडेपेटीतल्या चार काड्या भिंतीला टेकवून ठेवता, आणि सकाळी एकही पेटत नाही. तुम्ही म्हणालात, "भिंत आतून ओली हाय. नळी गळती कुठंतरी. हात लावून बघ." घरात पाहुणे होते. मी म्हणालो, "दादा, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, अन् तुमच्या भिंतीत रोज येतं व्हय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. ते तुमचं हसणं मला अजून छळतं.

हिवाळ्यात खोकल्यानं धरलं. घरात ओल आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हणालो. तुम्ही भिंतीचं नाव पुन्हा काढलं नाही. खाट तेवढी स्वतःच वीतभर पुढं ओढलीत, अन् जाण्यायेण्याला अडचण होते म्हणून मी ती परत मागं सरकवली. इतका मी नालायक. उन्हाळा लागायच्या आत तुम्ही गेलात. वय झालं होतं, असं लोक म्हणतात. मीही तेच सांगत आलो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून हेही लिहितो. पाहुणे गेल्यावर मी तुमच्या खाटेमागं भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून ठेवला होता. थेंब खोलीच्या बाजूनं आले तर हवा दमट, भिंतीच्या बाजूनं आले तर भिंत ओली, हे तुम्हीच शिकवलेलं. दोन दिवसांनी थेंब भिंतीच्या बाजूला होते. सगळ्यांदेखत तुम्हाला हसलो होतो, आता कुठल्या तोंडानं सांगणार? तुकडा काढून खिशात घातला, अन् ओल दिसू नये म्हणून रविवारी तिथं ऑइल पेंट मारून घेतला. तुमचं खरं होतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं.