दीडवर अडून बसलेली वहिनी

प्रिय वहिनी,

आज धुळ्यात प्रॅक्टिकलची परीक्षा घेत होते. एका मुलीचं उत्तर दीड आलं, आणि ती घाबरून खोडरबर शोधायला लागली. तुझी इतकी आठवण आली म्हणून सांगू! घरी येऊन चहासुद्धा न घेता लिहायला बसले.

एरंडोलहून जळगावच्या कॉलेजात मला एकटीला पाठवायला आबा तयार नव्हते. म्हणून सून सोबतीला! बारावी सायन्स झालेली तू, तुझ्या तान्ह्या छकुलीला आईपाशी ठेवून माझ्याच वर्गात बसलीस. आबांनी बजावलं होतं, एक जरी नापास झाली तर दोघींचं कॉलेज बंद.

आणि बीएस्सीच्या शेवटच्या परीक्षेत तुझ्या वाट्याला अभिक्रियेची ऑर्डर काढायचा प्रयोग आला. पदार्थ दुप्पट घेतल्यावर वेग दुप्पट झाला तर ऑर्डर एक, चौपट झाला तर दोन. तुझा वेग तिपटीच्या जरा अलीकडेच अडकला, म्हणजे ऑर्डर दीड. आपल्या लॅबची रीत तुला ठाऊक नव्हती का? आधी ग्राफवर सरळ रेघ मारायची, मग तिच्यावर ठिपके बसवायचे! मी लांबून खुणावत होते, दोन लिही गं बाई. तू ढिम्म!

बाहेरून आलेले परीक्षक हसले. "बाई, अर्धा रेणू कधी पाहिलाय का?"

"रेणू पूर्णच आहेत सर. पण अभिक्रिया एका दमात होत नाही, मधे टप्पे आहेत. म्हणून दीड."

त्यांनी सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. पुन्हा दीडच! मग कुठे त्यांनी सही केली. घरी आबांना सगळं सांगितलं, तर आपल्या अहिराणीत म्हणाले, "दीड ते दीड. पास शे ना?"

एक राग मात्र आहे तुझ्यावर. माझं लग्न ठरलं, सोबतीची गरज संपली आणि तुझं एमएस्सी राहिलं. परीक्षकांपुढे न वाकणारी तू, घरात एकदाही 'मला शिकायचंय' म्हणाली नाहीस. का गं? की म्हणालीस, आणि आम्हीच लक्ष दिलं नाही?

आजच्या मुलीला म्हटलं, खोडू नकोस, पुन्हा करून बघ. तिचंही दीडच आलं. पूर्ण मार्क दिले.

आणि ऐक. छकुली जूनपासून माझ्याकडे येतेय, अकरावी सायन्सला. आबांनी विचारलंच, सोबतीला कोण? म्हटलं, कुणी नाही, आणि तीही कुणाची सोबत म्हणून येत नाहीये. शब्द देते वहिनी, तिला हवं तिथपर्यंत ती शिकेल.

तुझी नणंद,
सुमन